बोर्ड बदलू नका, आधी जहाज टबात घाला

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आयएनएस मुंबईचं १:१५० प्रमाणातलं रेडिओ कंट्रोल मॉडेल चाललंय. हल, म्हणजे जहाजाचं धड, सनबोर्डचा (फोमसारखी हलकी प्लॅस्टिक शीट), वरून फायबर ग्लास. आत दोन मोटरी, सुकाणूला एक सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर), पुढच्या तोफेला एक सर्व्हो, मास्टवर फिरतं रडार, एकोणीस दिवे, आणि हे सगळं आर्डुइनो नॅनो या एका चिमुकल्या कंट्रोलर बोर्डावर. टेबलावर दिवे झकास लागतात, पण मोटरींना थ्रॉटल दिला की नॅनो रिसेट होतो आणि तोफ थरथरते. म्हणून विचारताय, नॅनोऐवजी कोणता बोर्ड घेऊ? आणि जाता जाता एक ओळ टाकलीय: ‘काट्यावर बॅटरीशिवाय १ किलो ७०० ग्रॅम भरतं, टबात जरा एका बाजूला कलतं, पण शिसं शेवटी घालणारच आहे.’

बोर्डाचं उत्तर सोपं आहे, पुढे देते. मी थबकले ती शेवटच्या ओळीपाशी. रिसेट होणारा नॅनो एका संध्याकाळीत बरा होतो. कलणारं जहाज बरं करायचं तर कधी कधी अर्धं बांधकाम उतरवावं लागतं, आणि ते दिवे बसवायच्या आधी उतरवलेलं बरं.

वजनाचं गणित बघा. मुंबई ही माझगाव डॉकमध्ये बांधलेली, दिल्ली वर्गातली तिसरी विनाशिका, २२ जानेवारी २००१ रोजी नौदलात दाखल झालेली. लांबी १६३ मीटर, रुंदी १७ मीटर, पूर्ण भरलेली असताना साधारण ६७०० टन. १:१५० ला लांबी झाली जवळपास १०९ सेंटीमीटर, रुंदी सव्वाअकरा. इथपर्यंत सगळे बरोबर करतात. वजन मात्र १५० ने भागायचं नसतं, १५० च्या घनाने भागायचं असतं. ६७०० टनांचे होतात २ किलोला थोडे कमी. म्हणजे पाणरेषा रंगवलेल्या जागी यायला हवी असेल तर बॅटरी, शिसं, रंग, नट-बोल्ट सगळं धरून तुमच्याकडे २ किलो आहेत. त्यातले १७०० ग्रॅम संपलेत. उरले तीनशेच्या आत. त्यात बॅटरी आणि शिसं दोन्ही बसवायचंय, आणि शिसं तळाशी असलं तरच कामाचं.

हे १७०० ग्रॅम गेले कुठे? माझा अंदाज, वरच्या इमल्यात. तुम्ही सनबोर्ड ३ मिलिमीटरचा वापरलाय असं फोटोवरून वाटतं. १:१५० ला ३ मिलिमीटर म्हणजे खऱ्या जहाजावर ४५ सेंटीमीटर जाडीची भिंत! ही विनाशिका राहिली नाही, जंजिरा झाला. खऱ्या जहाजाचा पत्रा इमल्यात इतका पातळ असतो की त्या प्रमाणात आपल्याला कागदसुद्धा जाड पडेल. त्यामुळे मॉडेल नेहमी वरून जड असतं, कितीही नेटकं करा. मी हलला सनबोर्ड चालवून घेते, पण डेकच्या वर एक तुकडा लावत नाही. तिथे अर्ध्या मिलिमीटरची स्टायरीन शीट, नाहीतर जाड ड्रॉइंग कार्डाला दोन हात वार्निश पाजून. ३ मिलिमीटर सनबोर्डचा एक चौरस मीटर दीड किलोच्या आसपास भरतो, अर्ध्या मिलिमीटर स्टायरीनचा अर्धा किलो. तुमच्या इमल्याचं क्षेत्रफळ पाव चौरस मीटर धरलं तरी अडीचशे ग्रॅम वाचतात, तेही सगळे वरचे.

‘वरचे’ यावर एवढा जोर का, तर मास्टच्या टोकावर, पाण्याच्या २० सेंटीमीटर वर, तुम्ही २० ग्रॅमची रडारची मोटर बसवलीत असं समजा. ती तोलायला पाण्याच्या ४ सेंटीमीटर खाली १०० ग्रॅम शिसं लागतं. तुमच्या जहाजाला खाली चारच सेंटीमीटर जागा आहे, त्याहून खोल शिसं न्यायचं तर किलात, म्हणजे तळाच्या कण्यात, उकरावं लागेल. मास्टवरचा प्रत्येक ग्रॅम पाचपट भावाने पडतो.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझी पहिली मोठी बोट एक फ्रिगेट होती, सव्वा मीटरची. नोकरी इन्स्ट्रुमेंटेशनमधली, त्यामुळे वायरिंगचा माज होता. मास्ट पितळी रॉडचा, भरीव, कारण सोल्डर छान बसतं. दिवे, रडार, सर्चलाइट, सगळं चालू. भावाच्या शेततळ्यावर संध्याकाळी सोडली, भाचा हातात मोबाइल धरून उभा. सरळ गेली तोवर दृष्ट लागावी अशी गेली. मी पूर्ण सुकाणू दिलं, त्याच वेळी वाऱ्याची एक झुळूक आली, आणि बोट जी आडवी झाली ती झालीच, उठली नाही. पाण्याखाली दिवे मात्र लागलेले. हिरवा दिवा खाली खाली जाताना आम्ही दोघांनी शेवटपर्यंत बघितला. भाच्याने तो व्हिडिओ अजून ठेवलाय.

आता त्या टबाकडे वळू. टब म्हणजे खरोखर टब, लांब बोट असेल तर लहान मुलांचा फुगवायचा पूल. बॅटरी जागेवर ठेवा, चिकटवू नका. तळाशी शिसं ठेवत जा, जुने गलबतवाले ज्याला नीरम म्हणत ते. टायरवाल्याकडची बॅलन्सिंगची जुनी वजनं मिळाली तर उत्तम, ती पट्टीसारखी असतात आणि किलाला लागून बसतात. चुंबक लावून बघा, हल्ली बरीच लोखंडी येतात, आतल्या ओलीत गंजतात. बोट सरळ तरंगायला लागली की एका बाजूचा काठ बोटाने हलका दाबून सोडा आणि झोके मोजा. या बाजूने त्या बाजूला आणि परत, हा एक झोका. दहा झोक्यांचा वेळ घेऊन दहाने भागा. तुमच्या मापाच्या बोटीला एक झोका साधारण एका सेकंदाचा हवा. सव्वा सेकंद चालेल. दोन सेकंद लागले, म्हणजे बोट आळसावून, विचार करत परत येते असं दिसलं, तर तिची मेटासेंट्रिक उंची, म्हणजे कलल्यावर सरळ होण्याच्या ताकदीचं माप, जेमतेम २ मिलिमीटर राहिलीय. दिसायला हा संथ डोल फार राजबिंडा दिसतो, खऱ्या जहाजासारखा. त्याला भुलू नका. अशी बोट वळणावर आडवी होते.

किती सेकंद चालतील हे तुम्ही कुठे चालवणार यावरही आहे. सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात, वारा नसताना, दीड सेकंदाची बोटही मजेत फिरेल. उघड्या तलावावर मी सव्वाच्या वर जाऊ देत नाही. आपण जहाज दीडशे पटीने लहान केलं, वाऱ्याला कुणी लहान केलेलं नाही.

बॅटरी कोणती, हेही यातच आलं. १:१०० ला हेच जहाज ६ किलो ७०० ग्रॅमचं होतं, तिथे मी डोळे मिटून ६ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या घालते. जड असतात, पण ते वजन तळाशी हवंच असतं, शिशाचे पैसे वाचतात. तुमच्या २ किलोत ती चैन नाही. ४.५ एएचची (ॲम्पियर-तासांची) एक बॅटरीच पाऊण किलोच्या घरात जाते. दोन १८६५० मापाचे लिथियम सेल मालिकेत जोडा, शंभर ग्रॅमच्या आत काम होतं, उरलेलं शिसं हवं तिथे हलवता येतं. सेलच्या जोडीला संरक्षण देणारी पट्टी आणि बॅटरीच्या अगदी जवळ गाडीतला ब्लेड फ्यूज, ५ ॲम्पियरचा. फ्यूजची चेष्टा करणारे पुष्कळ भेटतील. पाणी आत आल्यावर तारा कशा तापतात हे त्यांनी पाहिलेलं नसतं.

आता रिसेट. तुमच्या फोटोत मोटरी चालवणारं लाल रंगाचं एल२९८एन मोड्यूल दिसतंय, आणि त्याच मोड्यूलच्या ५ व्होल्टवरून नॅनो, दोन्ही सर्व्हो आणि दिवे पोसलेत. दुखणं इथेच आहे. मोटर सुरू होताना ती क्षणभर अडकलेल्या मोटरीएवढा करंट ओढते, बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो, त्या मोड्यूलचा चिमुकला रेग्युलेटर आधीच सर्व्होंनी दमलेला असतो, आणि नॅनोला पुरेसा व्होल्टेज मिळत नाही म्हणून तो नव्याने सुरू होतो. शिवाय एल२९८एन स्वतःच दीड-दोन व्होल्ट खातो. ७.४ व्होल्टच्या बॅटरीत हा तोटा परवडत नाही, तो नुसता उष्णता होऊन जातो. यात दुसरा कुठलाही बोर्ड आणलात तरी तोही असाच आचके देईल.

माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, दहा मिनिटांत खात्री करा. नॅनोला त्याच्या यूएसबीवरून पॉवर बँक लावा, मोटरीच्या बाजूची ५ व्होल्टची तार काढा, मायनस मात्र एकमेकांना जोडलेलाच राहू द्या. आता थ्रॉटल द्या. रिसेट थांबला तर दोष पुरवठ्याचा. रिसेट थांबला पण तोफ अजून थरथरते, तर मोटरीच्या ब्रशांतून उडणाऱ्या ठिणग्यांचा गोंधळ तारांतून येतोय. एक गंमत सांगून ठेवते: बरेच पॉवर बँक एवढा कमी करंट बघून ‘कोणी नाही’ असं समजतात आणि अर्ध्या मिनिटात झोपतात. मग नॅनो बंद पडला म्हणून तुम्ही पुन्हा बोर्डालाच शिव्या द्याल. जुना, साधा पॉवर बँक घ्या.

उपाय असा. एल२९८एन काढा, त्याजागी ब्रश मोटरींसाठीचा, पुढे-मागे दोन्ही चालणारा ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वेग-नियंत्रक. एकच ईएससी दोन्ही मोटरींना चालतो, जर तो दोघींचा मिळून करंट झेलणारा असेल. रिसीव्हर आणि सर्व्होंना ईएससीतला ५ व्होल्ट. नॅनो आणि दिव्यांना वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज खाली उतरवणारं मोड्यूल), थेट बॅटरीवरून. मायनस सगळ्यांचा एक, आणि तो एकाच ठिकाणी, बॅटरीपाशी जोडलेला. तारांची माळ करून पुढच्याचा मायनस मागच्याकडून घेऊ नका. प्रत्येक मोटरीवर ‘१०४’ छापलेले तीन सिरॅमिक कपॅसिटर: एक दोन टोकांमध्ये, बाकी दोन प्रत्येक टोकापासून मोटरीच्या धातूच्या अंगावर. अंगावर सोल्डर धरत नाही अशी तक्रार असते. आधी कानशीने घासा, सोल्डरिंगची इस्त्री मोठी घ्या आणि झटपट करा. मोटरीच्या दोन तारा एकमेकींना पिळून घ्या, आणि रिसीव्हरची अँटेना त्यांच्यापासून लांब, पाणरेषेच्या वर. २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यातून जात नाही.

नॅनोच्या प्रोग्रॅमबद्दल एकच. रिमोटच्या मोकळ्या चॅनेलवरून स्विच वाचायला तुम्ही ‘पल्सइन’ ही आज्ञा वापरलीय आणि तोफ फिरवायला ‘डिले’. दोन्हींमध्ये नॅनो हातावर हात ठेवून बसतो, आणि त्या वेळात बाकीचं काही बघत नाही. चॅनेल इंटरप्टवर वाचा (पल्स आली की नॅनो हातचं काम सोडून ती टिपतो), वेळ ‘मिलिस’ या आतल्या घड्याळावर मोजा. पल्स १००० ते २००० मायक्रोसेकंदांची असते, तीन जागांच्या स्विचला १२५० आणि १७५० असे दोन उंबरे ठेवले की तीन अवस्था स्वच्छ मिळतात.

त्या तीन अवस्थांत काय दाखवायचं, इथे मला खरा रस आहे, कारण दिवे चुकलेलं मॉडेल मला लांबून ओळखू येतं. तुमच्या व्हिडिओत लाल-हिरवा दिवा उघडझाप करतोय. ते चूक आहे. जहाजाचे मार्गदिवे स्थिर असतात. टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम त्यांची मापं अंशांत देतात: डाव्या बाजूला लाल, उजवीला हिरवा, प्रत्येकाचा पट्टा ११२.५ अंश, समोरून मागच्या बाजूकडे. मास्टवरचा पांढरा २२५ अंश, म्हणजे त्या दोघांची बेरीज. मागच्या टोकाचा पांढरा १३५ अंश. २२५ आणि १३५ मिळून पूर्ण वर्तुळ. म्हणजे मास्टचा दिवा मागून दिसता कामा नये, आणि लाल-हिरवा एकाच वेळी फक्त अगदी समोरून. मॉडेलमध्ये हे साधायला दिव्यामागे काळ्या रंगाची इवलीशी आडपट्टी लावावी लागते. ५० मीटरपेक्षा मोठ्या जहाजाला मास्टचा दुसरा पांढरा दिवा असतो, मागे आणि जास्त उंचीवर. युद्धनौकांना रचनेमुळे जागेची थोडी सवलत मिळते, तेव्हा नेमकी जागा नौदलाने स्वतः प्रसिद्ध केलेल्या फोटोंवरूनच ठरवा. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमधून जहाजं छान दिसतात, ती डोळ्यांनी बघा, कॅमेरा खिशात राहू द्या.

माझ्या बोटींवर स्विच खाली म्हणजे पूर्ण अंधार, मधे म्हणजे चालू जहाज, वर म्हणजे नांगरलेलं: मार्गदिवे बंद, पुढे आणि मागे एकेक चहूबाजूंनी दिसणारा पांढरा, आणि डेक उजळलेलं. १०० मीटरपासून पुढच्या जहाजाला नांगरावर डेक उजळावंच लागतं, त्यामुळे तुमची सगळी डेकची हौस नियमात बसते. अजून एक चॅनेल असेल तर हेलिकॉप्टर उतरवतानाचे दिवे करा: एकाखाली एक लाल, पांढरा, लाल. हा तिय्या कळणारा माणूस तलावाकाठी भेटला तर तो तुमच्याशी तासभर बोलेल.

एलईडी ०६०३ मापाचे घ्या, तार आधीच जोडलेले मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. स्वतः जोडणार असाल तर मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून ३८ गेजची एनॅमल तार वीतभर मागा, बहुतेक पैसेही घेत नाहीत. प्रखरता कमी ठेवा. तुम्ही २२० ओहम लावलेत, म्हणून ब्रिजच्या खिडक्या पेट्रोल पंपासारख्या दिसतात. ५ व्होल्टवर १ किलो-ओहमला पांढऱ्यातून साधारण २ मिलिॲम्पियर जातात, तेवढे पुरतात. खोलीत अंधार करून तीन मीटरवरून बघा आणि मग ठरवा. स्टायरीनमधून उजेड पाझरतो, म्हणून आतून आधी काळा हात, त्यावर पांढरा.

दिवे थेट नॅनोच्या पायांवर न घेता यूएलएन २००३ मधून घ्या. ती चिप मायनसची बाजू जोडते-तोडते, त्यामुळे सगळ्या दिव्यांचा प्लस सामाईक. याचा एक फायदा असा की मास्ट पोकळ पितळी नळीचा केलात तर मास्टच सामाईक प्लस होतो, आणि प्रत्येक दिव्याची एकच केसासारखी तार नळीतून खाली येते. पाच दिव्यांना दहाच्या जागी पाच तारा, आणि नळी भरीव रॉडपेक्षा कितीतरी हलकी. फक्त मास्ट दुसऱ्या कुठल्या धातूला, रेलिंगला वगैरे, चिकटू देऊ नका. माझ्याकडे एकदा रेलिंगमधून शॉर्ट होऊन रंगाला फोड आले होते.

रडारची मोटर मास्टवरून खाली, डेकच्या आत. एन२० गिअर मोटर, तिच्यावर एक मिलिमीटर पोलादी तार, ती दुसऱ्या, बारीक नळीतून वर. रडार मिनिटाला दहा-पंधरा फेऱ्यांच्या वर नको, भिंगरी वाटते. तोफही तशीच, एकेक अंशाने सरकवा. साउंड मोड्यूल यंदा राहू द्या. स्पीकरला डेकमध्ये भोकं लागतात, आणि भोकं म्हणजे पाणी.

पाण्याचं थोडक्यात. पंख्याच्या शाफ्टची नळी आतल्या टोकाला पाणरेषेच्या वर संपली पाहिजे, मग ग्रीस आटलं तरी बोट भरत नाही. डेकच्या मोठ्या भोकाभोवती सेंटीमीटरभर उंच काठ. सगळी इलेक्ट्रॉनिक्स एका ट्रेवर, तळापासून वर, आणि नॅनोवर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात, यूएसबीचं तोंड सोडून. रिसीव्हरचा फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर काय करायचं ती सेटिंग, थ्रॉटल शून्यावर ठेवा, आणि तो घरीच, ट्रान्समीटर बंद करून तपासा. वेगाची हाव नको: तीस नॉटच्या आसपास धावणारं जहाज या मापात सेकंदाला सव्वा मीटर जातं, माणसाच्या चालण्याएवढं. शेततळ्यावर चालवणार असाल तर प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या उतारावर पाय ठेवू नका, तो शेवाळाने निसरडा असतो आणि पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. काठाला बांधलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब हाताशी असल्याशिवाय, आणि सोबत दुसरं माणूस असल्याशिवाय, मी बोट पाण्यात टाकत नाही. बोट मधेच बंद पडली तर तिच्यामागे उतरायचं नाही, वारा तिला काठाला आणतो. माझी एकदा साडेतीन तासांनी आली.

आधी इमला उचलून एकटा काट्यावर ठेवा, मग मास्ट एकटा. मग बॅटरी आणि शिसं घालून दहा झोक्यांचा वेळ. हे तीन आकडे इथेच टाका, एल२९८एन काढायला त्यानंतर बसा.